फुटलेली कंपनी

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा बँड फुटला. चौघांचा बँड. दर गुरुवारी रात्री नऊ ते अकरा, अंधेरीत तासावर भाड्याने मिळणाऱ्या एका जॅम रूममध्ये ते जमायचे. ती बेस वाजवते. सहा वर्षांत त्यांची अकरा गाणी झाली. त्यातली चार मला आवडतात आणि एक फार आवडतं. गिटार वाजवणाऱ्या मुलाला टोरांटोला नोकरी लागली. त्याने ते बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं, एवढंच झालं. भांडण नाही, अबोला नाही. पण ती दोन दिवस नीट जेवली नाही.

रविवारी माझा धाकटा भाऊ आला. येताना त्याने घरच्या कपाटातली एक कॅसेट आणली होती : ‘द सेकंड कमिंग’, रॉक मशीन, 1990. ती त्याने भाचीच्या हातात ठेवली. त्याला तिची समजूत घालायची होती. पण वाद जुंपला, आणि तीन वाजले तरी आमची उष्टी ताटं तशीच होती.

रॉक मशीन हा आमच्या मुंबईचा हार्ड रॉक बँड. 1984 साली उभा राहिला. महेश टिनैकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर, आणि गायला इयन सांतामारिया. पुढे गायकाच्या जागी उदय बेनेगल आला, गिटारवर जयेश गांधी आला, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम, दोन वर्षांनी दुसरा. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, 1995 मध्ये त्या नावाचा अल्बम काढला आणि 1997 मध्ये बँड फुटला. 2010 मध्ये पुन्हा जुळला. 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. माझ्या भावाचं तारुण्य यातल्या पहिल्या भागात गेलं, माझ्या मुलीचं शेवटच्या.

“हे तुझ्याकडे ठेव,” भाऊ तिला म्हणाला. “आणि एक लक्षात घे. फुटण्यात वाईट काही नसतं बाळा. पुन्हा जुळतात ना, ते वाईट.”

“म्हणजे काय, मामा?”

“सत्त्याण्णव साली हे फुटले तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वागत होतो मी. तुझ्या आईला विचार. पण जे होतं ते जिथल्या तिथे राहिलं, कुणी त्याला हात लावला नाही. दोन हजार दहा साली परत आले म्हणून कळलं, तेव्हा मी गेलो नाही. आजवर गेलेलो नाही.”

“आणि ‘इव्हॉल्व्ह’?”

“नाही ऐकला.”

“बारा सालापासून? एकदाही नाही?”

“ठरवून नाही.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला हे माहीत होतं, पण त्यामागे निश्चय आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग तो रंगभवनाबद्दल बोलायला लागला. ते मी त्याच्या तोंडून अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी ऐकावंसं वाटतं. धोबीतलावाला झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह. 1978 मध्ये जॅझ यात्रा तिथे सुरू झाली, 1980 मध्ये ‘द पोलीस’ हा बँड तिथे वाजवून गेला. 1986 पासून पंधरा ऑगस्टच्या सुमारास इंडिपेंडन्स रॉक व्हायला लागलं. ऐन पावसाळा, वर छप्पर नाही. आम्ही गिरगावात राहायचो. भाऊ चालत जायचा आणि चालत यायचा. रात्री उशिरा चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन तो जिना चढायचा आणि मी आवाज न करता कडी काढायची. मी स्वतः कधी गेले नाही. मुलीच्या जातीने रात्री तिथे जायचं, हा विचारच आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवला नसता. माझ्याही नाही. याचं आज मला वाईट वाटतं.

“तुला एक गोष्ट कळणार नाही,” भाऊ तिला सांगत होता. “त्या वेळी लोक रॉक ऐकायला यायचे म्हणजे दुसऱ्यांची गाणी ऐकायला यायचे. डीप पर्पल, झेपेलिन. ती लोकं इथे येणार नाहीत हे आम्ही धरूनच चाललो होतो, म्हणून त्यांचं गाणं हुबेहूब वाजवणारा तो चांगला बँड. रॉक मशीनही सुरुवातीला तेच करायचे. आणि मग हे लोक उभे राहून म्हणाले, आता आमचं गाणं. समोरून लोक ओरडतायत, अमुक वाजवा, तमुक वाजवा. आणि हे आपलं वाजवतायत. गिटार बाहेरून आणायची तर जकातीने कंबरडं मोडायचं. तारा तुटल्या तर आखातातून कुणाचा काका येईपर्यंत थांबायचं. त्यात आपली गाणी. मी तिथे अठरा वर्षांचा होतो. बँड म्हणजे ती सहा माणसं, ती जागा आणि आम्ही. यातलं काय उरलं होतं दोन हजार दहात? सेल्विन नाही, मेनेझिस नाही, जयेश नाही. रंगभवन नाही. आम्ही चाळिशीला आलेले. मग कशाला म्हणायचं इंडस क्रीड?”

“पण ती सहा माणसं तेव्हा तरी कुठे कायम होती?” ती म्हणाली. “चौऱ्याऐंशीला गायक वेगळा, अठ्ठ्याऐंशीला वेगळा. तुझ्या अठराव्या वर्षी जे होते तेच खरे, आणि त्याच्या आधीचे आणि नंतरचे खोटे, असं कसं?”

यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नानांना विचारायला हवं होतं.”

नाना म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. संगीत नाटक हा त्यांचा श्वास होता आणि नाटक मंडळ्यांचे इतिहास त्यांना घरच्या नातेसंबंधांसारखे पाठ होते. मुलगा कसल्या तरी बँडच्या मागे लागलाय हे कळल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “कंपनी कुणाची?” त्यांच्या लेखी चार माणसं एकत्र येऊन लोकांपुढे गातात म्हणजे ती कंपनी. एकदा भावाने ही ‘सेकंड कमिंग’ची कॅसेट त्यांना ऐकवली. नानांनी पहिली बाजू पूर्ण ऐकली, मान हलवली नाही की तोंड वाकडं केलं नाही. संपल्यावर विचारलं, “पदं कुणी बांधली?” भाऊ म्हणाला, त्यांनीच. नाना म्हणाले, “मग कंपनी खरी आहे.”

मी ही आठवण सांगितली तशी मुलगी सरसावून बसली, पण भाऊ आधी बोलला.

“नानाच नेहमी संयुक्त मानापमानाचं सांगायचे ना, ताई? 8 जुलै 1921. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर उभे राहिले. शंभर वर्षांनीही लोक त्याबद्दल बोलतात. का? त्या रात्रीनंतर दोघं आपापल्या कंपनीत परत गेले. आणि तीन महिन्यांत केशवराव गेलेच. तसं एकत्र यावं. एक रात्र, काही कारणासाठी, आणि मग घरी. हे काय, परत नाव लावायचं, परत दौरे, परत अल्बम!”

मला हे पटण्यासारखं वाटलं. पण मला ते खटकलंही, आणि मी बोलले. “ते दोघं एका कंपनीतून फुटलेले नव्हते रे. ते प्रतिस्पर्धी होते. ते पुन्हा जुळणं नव्हतंच. फुटणं म्हणजे 1913. गंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले ते.”

“आणि ते तिघं तरी कुठे एकत्र राहिले?” भाऊ म्हणाला. “टेंबे बाहेर पडले, मग बोडस. तेच म्हणतोय मी. कंपन्या फुटतात. तो त्यांचा धर्म आहे.”

“पण का फुटतात ते तरी बघ ना,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि मला वाटतं ती आता इंडस क्रीडबद्दल बोलत नव्हती. “तू असं सांगतोस की जणू ते वय झालं म्हणून आपोआप झालं. सत्त्याण्णव साली काय झालं ते तूच मला सांगितलंयस. उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा एमटीव्हीला इथलं काही तरी दाखवायला हवं होतं, आणि हिंदी पॉप अजून तयार व्हायचं होतं, म्हणून इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या बँडला जागा मिळाली. त्र्याण्णवमध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्ही आशियाचं प्रेक्षक पसंतीचं बक्षीस. मग चौऱ्याण्णवला चॅनल व्ही आलं, पंच्याण्णवला अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, दलेर मेहंदी आला. शहाण्णवला एमटीव्ही हिंदी होऊन परत आलं. कंपन्यांना कळलं की हिंदीत गायलं की कॅसेटी लाखांनी खपतात. ज्यांच्यासाठी दार उघडलं होतं त्यांच्या तोंडावरच ते बंद झालं. दोन वर्षांत. तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास असतील. घरभाडं भरायचं, पोरंबाळं. यात त्यांचा कुठला धर्म होता, मामा? त्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती.”

“मग न्यूयॉर्कला गेले ना उदय आणि जयेश. तिथे वेगळं काही तरी केलं. आम्स फॉर शांती.”

“हो. केलं. पण इथून जावं लागलं.”

मी इथे जरा थांबते, कारण या मुद्द्यावर मी पूर्णपणे मुलीच्या बाजूची आहे. बँड फुटला म्हटलं की आपण लगेच कोण कुणाशी भांडलं, कुणाचा अहंकार मोठा, असं शोधायला लागतो. ते असतंही. पण माणसं भांडूनही वर्षानुवर्षं एकत्र वाजवतात, वाजवायला जागा आणि ऐकायला माणसं असली तर. आमच्या शहरातल्या अशा जागा एकेक करून गेल्या. रंगभवन कशाने गेलं? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी इस्पितळं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरलं. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, पलीकडे कामा आणि जी. टी. इस्पितळ. रुग्णांना झोप हवी हे बरोबरच आहे, मी स्वतः जी. टी.मध्ये आईच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. पण त्या नाट्यगृहाच्या बदली शहराने कुणाला काही दिलं नाही. पुढे लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग निघालं, पुन्हा गाणारे-वाजवणारे जमायला लागले. 2016 मध्ये तेही बंद झालं. त्याच वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउसही बंद झालं, जिथून भावाने ही कॅसेट घेतली होती. नवा बँड उभा राहायला किती वर्षं लागतात आणि जागा बंद व्हायला किती दिवस, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

भाऊ मात्र मूळ मुद्दा सोडायला तयार नव्हता. “मान्य. त्यांच्यावर अन्याय झाला. पण अन्याय झाला म्हणून गेलेलं परत आणता येत नाही. तेरा वर्षांनी सहातले तीन जण येतात, दोन नवी तरुण मुलं घेतात आणि जुन्या नावाने उभे राहतात. ते माझ्या आठवणीवर उभे राहतायत. मला ते नको.”

“मामा, तू ऐकलं नाहीस म्हणून असं म्हणतोयस. ते जुनी गाणी विकायला आले नव्हते. तुला माहितीये ते परत कसे जुळले? उदय परत आल्यावर तो आणि महेश दोघंच अकूस्टिक गिटार घेऊन बसायला लागले. व्हर्लिंग कलापाज. दोन माणसं, छोट्या जागा. तिथून हळूहळू. आणि मग ‘इव्हॉल्व्ह’ केला तो पूर्ण नवा. टिम पामरने मिक्स केला, ज्याने पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला होता. सगळी नवी गाणी, मामा! लांब, गुंतागुंतीची. पंचविशीत त्यांना सुचलीच नसती अशी. ते तुझ्या आठवणीवर उभे राहिलेच नाहीत. त्यांना हवं असतं तर ‘प्रिटी चाइल्ड’ वाजवत महिन्याला चार कॉर्पोरेट कार्यक्रम करता आले असते.”

मला नाना आठवले. पदं कुणी बांधली?

आणि ललितकलादर्श आठवलं. भावाने केशवरावांची गोष्ट अर्ध्यातच सोडली होती. केशवराव 1921 मध्ये गेले, वय अवघं एकतीस. कंपनी मालकाच्या गळ्यावर उभी होती, ती तिथेच संपायची. पण बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, आणि केशवरावांच्या जुन्या भूमिकांवर न विसंबता मामा वरेरकरांची नवी नाटकं आणली. बापूराव 1937 मध्ये गेले, कंपनी थांबली. त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी, ती पुन्हा उभी केली. 1960 मध्ये त्याच ललितकलादर्शने विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगमंचावर आणलं, आणि संगीत नाटक संपलं म्हणणाऱ्यांना गप्प बसावं लागलं. केशवरावांच्या वेळचं कोण होतं त्यात? पण नानांनी कधी म्हटलं नाही की हे ललितकलादर्श नव्हे.

मी हे बोलून दाखवलं. भाऊ म्हणाला, “ताई, तू वकील व्हायला हवी होतीस.” पण त्याचा चेहरा मवाळ झाला होता.

“तरी एक सांगतो,” तो म्हणाला. “दोन नवी मुलं. त्यांचं त्यात काय? सेल्विनचा बेस माझ्या छातीत बसलेला आहे. त्या जागी दुसरं कुणी वाजवतंय, ते मला आपलं कसं वाटेल?”

मुलगी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बेस घेऊन आली. ॲम्प्लिफायरला न जोडता तशीच मांडीवर घेऊन बसली. बेस तसा वाजवला की आवाज अगदी दबका येतो. पंखा बंद करावा लागला.

तिने एक ओळ वाजवली. मग दुसरी. मला ती ओळखीची वाटत होती, कारण ती कॉलेजात असताना दारामागून मी ती शेकडो वेळा ऐकली होती. ती कशाची हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

“हा रुशाद मिस्त्री,” ती म्हणाली. “‘इव्हॉल्व्ह’वरचा. तुझ्या दोन नव्या मुलांपैकी एक. दुसरा जय रो कवी, ड्रम्सवर. मी सतरा वर्षांची होते. तोपर्यंत गिटार शिकत होते, सगळे शिकतात म्हणून. हा अल्बम ऐकला आणि महिनाभर फक्त खालचा आवाज ऐकत राहिले. मग बाबांकडे बेससाठी हट्ट धरला. मामा, मी बेस वाजवते ते या माणसामुळे. ते परत जुळले नसते तर मी वाजवतच नसते.”

भाऊ बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत होता. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना घट्टे पडलेत. त्याने ते आधी पाहिले असणार, पण आज जणू नव्याने पाहत होता.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू ऐकलंच नव्हतंस, सांगणार काय?”

मग ती गुरुवारबद्दल बोलली. जॅम रूमचं आरक्षण तिने रद्द केलेलं नव्हतं. गिटारवाला पुढच्या महिन्यात जाणार, तोपर्यंत चार गुरुवार आहेत. एक गाणं अर्धं राहिलंय. ते पुरं करायचं आणि मग बघायचं, असं तिच्या मनात होतं. पण बाकीच्यांना विचारायचा धीर होत नव्हता. चार दिवसांसाठी कशाला, असं ते म्हणतील याची भीती होती. भाऊ लगेच म्हणाला, “विचार.” तासाभरापूर्वी हाच माणूस फुटलेलं फुटलेलंच बरं म्हणत होता. मी ते बोलून दाखवलं नाही. गाणं अर्धं असताना कंपनी फुटली असं म्हणता येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

तिने आत जाऊन फोन केला. मी ताटं उचलली. भावाने तिचे हेडफोन घेतले आणि ‘इव्हॉल्व्ह’ लावायला सांगितलं. खुर्चीत सरळ बसून, डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो ऐकत होता. नाना ‘सेकंड कमिंग’ ऐकताना असेच बसले होते.

पहिलं गाणं संपल्यावर त्याने हेडफोन काढले आणि आतल्या खोलीकडे बघून विचारलं, “यातला बेस तेवढा वेगळा ऐकू येईल असं काही करता येतं का गं?”